कौलारू घरात ॲटमॉस्फेरिक मेटल: गिटार आणि ड्रम्सचं रेकॉर्डिंग व मिक्सिंग

ॲटमॉस्फेरिक मेटल ऐकताना आधी जाणवतं ते धुकं. अखंड चालणारी गिटार, तिच्यामागे कुठेतरी घुमणारे ड्रम्स आणि सगळ्याच्या तळाशी न थांबणारी एक गाज. त्यामुळे घरी रेकॉर्ड करायला बसलेला माणूस पहिला हात घालतो तो रीव्हर्बला, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या इफेक्टला. गिटारवर रीव्हर्ब, स्नेअरवर रीव्हर्ब, मास्टरवरही थोडा. हाती लागतो तो चिखल. लांबचा आवाज लांब वाटायला काहीतरी कानाशी असावं लागतं. कोणता आवाज जवळ, कोणता दहा हातांवर आणि कोणता पार क्षितिजावर, हे प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे इफेक्ट) उघडण्याआधी ठरलं पाहिजे. पुढची प्रत्येक पायरी याच विचारातून आली आहे. घरही कोकणातलंच धरलंय: जांभ्या चिऱ्याच्या भिंती, कौलांचं छप्पर, जून ते सप्टेंबर पाऊस, हवेत मीठ आणि विजेचा भरवसा नाही.

आधी कागद

गाण्याचे भाग कागदावर उतरवा आणि प्रत्येक भागापुढे तीन रकाने आखा: जवळ, मध्ये, लांब. ब्लास्ट बीटच्या (किक आणि स्नेअरचे अतिवेगवान सलग ठोके) भागात ड्रम्स छातीवर आदळायला हवेत आणि गिटार मागे पसरायला हवी, की ट्रेमोलोची (पिकने तोच स्वर भरभर वाजवत नेलेली) धून पुढे आणि ड्रम्स मागे? दोन्ही रास्त आहे, पण एकाच वेळी दोन्ही साधत नाही. ‘जवळ’च्या रकान्यात दोनापेक्षा जास्त नावं आली तर एक खोडा. माझा कल असा: वेगवान भागात स्नेअर आणि बेस जवळ, गिटार मध्ये. संथ भागात क्लीन गिटार कानाशी आणि ड्रम्स पार मागे. या अदलाबदलीमुळेच गाणं श्वास घेतं.

इथेच एक हिशेब करून ठेवा. १८० बीपीएमला (मिनिटाला १८० ठोके) सोळाव्या मात्रेचे दोन स्वर एकमेकांपासून साधारण ८३ मिलिसेकंदांवर येतात. त्यावर ३ सेकंदांचा रीव्हर्ब लावला तर एका स्वराची शेपटी पुढच्या ३६ स्वरांवर पसरते. म्हणजे लांब रीव्हर्ब संथ भागांसाठी आणि आखूड रीव्हर्ब वेगवान भागांसाठी.

खोली कोणती घ्यायची

घरात स्लॅबची नवी खोली आणि जुनं माजघर असे दोन पर्याय असतील तर ड्रम्ससाठी माजघर घ्या. स्लॅब आणि फरशी समांतर असतात, त्यामुळे आवाज त्यांच्यामध्ये आपटत राहतो. कौलारू छप्पर उतरतं असतं, वासे आणि रिपांमुळे पृष्ठभाग तुटलेला असतो, आणि गिलावा न केलेला जांभा खडबडीत व सच्छिद्र असल्यामुळे वरच्या पट्टीतला थोडा कर्कशपणा स्वतःच शोषून घेतो. खोलीच्या मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवा. ‘टर्रर्र’ असा झणझणाट ऐकू आला तर त्या दोन भिंतींपैकी एकीवर गोधड्या टांगा. भिंतीला चिकटवून टांगू नका, वीतभर अंतर सोडा. त्या पोकळीमुळे गोधडी जरा खालच्या पट्टीपर्यंत काम करते.

बेसचा प्रश्न वेगळा आहे. १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झची लाट उभी राहते. ती खोलीत एका जागी फुगलेली आणि दुसऱ्या जागी गायब असते. कोपऱ्यांत कापसाच्या किंवा काथ्याच्या जाड गाद्या गुंडाळून उभ्या केल्या तर थोडा फरक पडतो, पण एवढी खालची लाट पुरती आवरत नाही. मिक्स करताना खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका. लांबीच्या एक तृतीयांशाच्या आसपास बसा आणि तळाचे निर्णय हेडफोनवर पडताळा. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू नका. त्यांनी काही होत नाही, धूळ मात्र बसते.

गाद्या-गोधड्या आवाज शोषतात, बाहेर जाण्यापासून थांबवत नाहीत, आणि कौलांच्या फटींतून तो वाडीभर जातो. भजनाचा पखवाज आणि शिमग्याचा ढोल ऐकत वाढलेल्या शेजाऱ्यांना तालवाद्य परकं नसतं, पण भर दुपारी सलग ब्लास्ट बीट हा वेगळा प्रकार आहे. आधी जाऊन सांगा, दुपारची झोपेची वेळ सोडा, दिवेलागणीला थांबा.

वीज, मीठ आणि ओल

गिटार लावल्यावर ‘हम्म’ ऐकू आला की दोष पिकअपला देऊ नका. क्रम असा ठेवा: आधी पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद, मग एलईडी दिवे, मग लॅपटॉपचा चार्जर. यांतला एक तरी दोषी निघतोच, विशेषतः सिंगल कॉइल पिकअप असतील तर. कातळावरच्या घरांत उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्या. हम जावा म्हणून प्लगची अर्थ पिन काढून टाकणं जिवावर बेतू शकतं, ते कधीही करू नका.

वीज जाते ती वेळ मी गिटारचा डीआय, म्हणजे ॲम्पशिवाय थेट घेतलेला कोरडा सिग्नल, घेण्यासाठी वापरतो. लॅपटॉप बॅटरीवर, ऑडिओ इंटरफेस यूएसबीच्याच विजेवर, घरातला पंखा, फ्रिज, पंप सगळं गप्प. इतका स्वच्छ सिग्नल एरवी मिळत नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात मात्र ढग गडगडू लागले की सगळे प्लग भिंतीवरच्या सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

खारी हवा तारांना खाते. किनाऱ्याजवळ साध्या निकेलच्या तारा लवकर काळवंडतात आणि ट्रेमोलोची सगळी धार त्यांच्याबरोबर जाते. कोटिंग असलेल्या तारा महाग पडतात, तरी इथे त्याच परवडतात. वाजवून झालं की तारा, ब्रिज आणि सिंबल कोरड्या सुती कापडाने पुसा. कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलवर ओल बसली की तडतड ऐकू येते. माइक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ते कधी बदलायचं ते कळतं. पावसाळ्यात काम करायचं तर एसएम ५७ सारखा डायनॅमिक माइक जास्त सोशिक. १९६५ पासून तो गिटार ॲम्पपुढे उभा आहे तो उगाच नाही.

गिटार

सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. इनपुटची शिखरं उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटला पातळी वर ढकलायची गरज नसते. सॉफ्टवेअर म्हणाल तर रीपर पुरेसं आहे. ते ६० दिवस वापरून पाहता येतं आणि त्यानंतरचा वैयक्तिक परवानाही आवाक्यातला आहे.

सी ट्युनिंगपर्यंत उतरणार असाल तर ११–५६ जाडीच्या किंवा त्याहून जाड तारा लावा, नाहीतर जोरात पिक मारल्यावर स्वर वर सरकतो. ट्युनिंग करतानाही गाण्यात जितक्या जोराने मारणार तितक्याच जोराने मारा. प्रत्येक टेकआधी पुन्हा तपासा. एका ट्रॅकमध्ये जरासं बेसूर चालून जातं, चार थरांत तेच बेसूर गढूळपणा होऊन बसतं आणि मग ईक्यूने (आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करणारं साधन) ते सुटत नाही.

ॲम्प असला तरी डीआय ट्रॅक सोबत घ्याच. ॲम्प नसेल तर न्यूरल ॲम्प मॉडेलर हे मोफत, मुक्त स्रोत प्लगइन आणि त्यापुढे कॅबिनेटचा एक चांगला इम्पल्स रिस्पॉन्स (स्पीकरच्या आवाजाचा ठसा असलेली फाइल) एवढ्यावर काम होतं. ॲम्पवर माइक लावणार असाल तर तो जाळीपासून बोटभर अंतरावर, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर रोखून सुरुवात करा. टोपीच्या मध्याकडे सरकवला की आवाज तीक्ष्ण होतो, बाहेर सरकवला की जाड. एका वेळी एक सेंटीमीटर हलवा आणि ड्रम्स चालू ठेवून ऐका. एकट्या गिटारचा सुंदर आवाज गाण्यात सुंदर राहीलच असं नाही.

गेन (डिस्टॉर्शन किती ते ठरवणारा नॉब) तुम्हाला हवा वाटतो त्याच्या अर्ध्याच्या जरा वर ठेवा. थर वाढतात तसं डिस्टॉर्शन आपोआप साचतं. मुख्य ऱ्हिदम दोनदा स्वतंत्र वाजवा आणि एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे टाका. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर मोनोच राहतो, फक्त मोठा होतो. रुंदी येते ती दोन हातांमधल्या बारीक फरकातून. चार थर हवेत तर दुसऱ्या जोडीचा गेन आणखी कमी करा आणि ती थोडी आत आणा.

ट्रेमोलो पिकिंगमध्ये पिकचं फक्त टोक तारेखाली जाऊ द्या आणि हालचाल मनगटातून ठेवा. दमलेला हात शेवटच्या ओळीत ऐकू येतो, म्हणून आठ-आठ मात्रांचे तुकडे घ्या.

आता लांबच्या रकान्यातली गिटार. यासाठी रीव्हर्ब डिस्टॉर्शनच्या आधी लावून पाहा. एरवी क्रम उलटा असतो. रीव्हर्बची शेपटीच डिस्टॉर्ट झाली की स्वरांची टोकं विरघळून एक सलग गर्जना तयार होते. त्यावर पॉवर कॉर्ड वाजवू नका. वरच्या दोन-तीन तारांवर दोन स्वरांचे संथ अंतराल घ्या, गिटारचा व्हॉल्यूम नॉब शून्यावरून हळूहळू उघडत. व्हॅल्हाला सुपरमॅसिव्ह हे मोफत प्लगइन अशा थरांसाठी मला फार आवडतं. असा एक थर पुरतो. दुसरा घालावासा वाटला तर आधी पहिला बंद करून गाणं ऐका.

ड्रम्स

चार इनपुट असतील तर ग्लिन जॉन्स या ब्रिटिश इंजिनिअरच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरा. एक माइक स्नेअरच्या वर साधारण मीटरभर उंचीवर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूने हाय-हॅटकडे रोखलेला. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा आणि दोन्ही माइक मापून तंतोतंत सारख्या अंतरावर आणा, नाहीतर स्नेअर दोन माइकांत वेगवेगळ्या वेळी पोचते आणि पोकळ होते. तिसरा माइक किकला, चौथा स्नेअरला. रेकॉर्डिंगनंतर प्रत्येक जवळच्या माइकची पोलॅरिटी (ध्वनिलाटेची वर-खाली दिशा) उलटवून पाहा. ज्या बाजूला तळ भरतो ती बाजू खरी.

दोनच इनपुट असतील तर किकला एक आणि वर एक. ड्रम्स मोनो होतील, पण गिटार दोन्ही टोकांना पसरलेली असताना मध्यभागी ठाम मोनो ड्रम्स या संगीताला शोभतात.

प्लॅस्टिकचे हेड पखवाजाच्या पुडीसारखे पावसाळी हवेत ढिले पडत नाहीत, तरी लाकडी शेल आणि लग यांच्यावर हवेचा परिणाम होतो, तेव्हा रोज ट्यून करा. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ड्रमरच्या हातात आहे: ब्लास्ट बीटमध्ये सिंबल हलक्या हाताने आणि स्नेअर भरीव. सिंबल जोरात आणि स्नेअर दमलेली असं रेकॉर्ड झालं तर ओव्हरहेडमधून ते वेगळं काढता येत नाही.

ड्रमसेट नसेल तर एमटी पॉवर ड्रम किटसारखं मोफत सॅम्पलर घ्या आणि प्रोग्रॅम करा. ब्लास्टमध्ये सगळे स्ट्रोक १२७ या कमाल जोरावर ठेवू नका. ९० ते ११५ दरम्यान फिरवा, डावा हात उजव्यापेक्षा जरा हलका, आणि काही स्ट्रोक दोन-तीन मिलिसेकंद मागेपुढे. मग हे ड्रम्स घरातल्या सगळ्यात मोठ्या स्पीकरवरून माजघरात वाजवा, माइक पडवीत भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि तो आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या. कॉम्प्युटरमधल्या ड्रम्सना खरी खोली मिळते. मूळ ट्रॅकखाली हा ट्रॅक थोडा मिसळला की मशीनचा कोरडेपणा जातो. खऱ्या ड्रमसेटसाठीही पडवीतला माइक हाच रूम माइक. खोली लहान वाटली तर तो ट्रॅक २० मिलिसेकंद उशिरा सरकवा. आवाज २० मिलिसेकंदांत जवळपास ७ मीटर जातो, म्हणजे जाणं-येणं धरून कानाला भिंत त्याच्या निम्म्याने मागे गेल्यासारखी वाटते.

कोकणातली जागा गाण्यात आणणं

तयार प्लगइनमध्ये युरोपातले चर्च आणि हॉल मिळतात. आपल्याकडे चिरेखाणी आहेत, विहिरी आहेत, देवळांचे सभामंडप आहेत. त्यांचा प्रतिध्वनी घरी आणता येतो आणि त्याला लागतो एक फुगा. रेकॉर्डरचं ऑटो लेव्हल बंद करा, पातळी खाली ठेवा, पाच-सहा मीटरवर उभं राहून फुगा फोडा. पूर्ण शांत होईपर्यंत हलू नका. चार-पाच वेळा घ्या, त्यातला सगळ्यात स्वच्छ निवडा, सुरुवात पहिल्या टोकाला कापा, शेवट हळूच मिटवा. ही फाइल रीपरच्या रीव्हर्बमध्ये किंवा कोणत्याही कन्व्होल्यूशन प्लगइनमध्ये (नोंदवलेल्या जागेचा घुमार आवाजावर चढवणारं) घातली की ती जागा तुमची.

चिरेखाणीला छप्पर नसतं, त्यामुळे शेपटी लांब नसते. भिंतींवरून परतलेले ठोस पडसाद मिळतात आणि जांभ्यामुळे ते मऊ असतात. ड्रम्सवर ते अप्रतिम बसतात. पावसाळ्यात खाणी पाण्याने भरतात आणि कडा निसटतात, म्हणून नोव्हेंबर ते मेमध्ये जा, मालकाला विचारून. विहिरीला स्वतःचा एक सूर असतो. तो गाण्याच्या पट्टीत बसला तर क्लीन गिटारवर जादू करतो, नाही बसला तर तेवढी फ्रिक्वेन्सी ईक्यूने कापा. माइक दोरीने सोडण्याआधी दोरी दोनदा तपासा. देवळात पुजारी आणि विश्वस्तांची परवानगी घ्या, आणि फुगा कशासाठी फोडतोय तेही सांगा.

पाऊसही घ्या, पण निवडून. पत्र्यावरचा पाऊस म्हणजे निव्वळ खरखर. कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्या पडवीतून घेतल्या तर थेंब वेगळे ऐकू येतात. समुद्राची गाज वाऱ्यापासून आडोसा धरून घ्या, मऊ पुळणीवर मागे सरून, माइकवर लोकरीचं किंवा स्पंजाचं आवरण घालून. पाऊस आणि सिंबल एकाच पट्टीत राहतात, तेव्हा सिंबल आली की पावसाचा ४ किलोहर्ट्झच्या वरचा भाग उतरवा.

मिक्स

आधी सगळे प्लगइन बंद, फक्त फेडर (आवाजाची पातळी) आणि पॅन (डावी-उजवी जागा). स्नेअर आणि बेस बसवा, मग किक, मग गिटार. मोनोमध्ये, हलक्या आवाजात. या अवस्थेत गाणं उभं राहिलं नाही तर पुढचं काही त्याला उभं करणार नाही.

गिटारवर ९० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) आणि ८ ते ९ किलोहर्ट्झवर लो-पास (त्यावरचं कापणारा). २५० ते ४०० मध्ये दोन-तीन डेसिबल कमी केले की बेसला जागा होते. ४ किलोहर्ट्झजवळ एखादी शिट्टी सापडली तर अरुंद काप. एवढंच. एकटी ऐकली तर ही गिटार बारीक वाटेल, वाटू द्या. तिचा तळ बेसकडून येतो, आणि म्हणून बेसवर थोडं डिस्टॉर्शन हवं.

ड्रम्सचा एक समांतर बस (मूळ ट्रॅकच्या जोडीने चालणारा एकत्र ट्रॅक) करा आणि तो कॉम्प्रेसरने निर्दयपणे दाबा: जलद अटॅक, जलद रिलीज, १० डेसिबलच्या वर घट. ऐकू येईपर्यंत मूळ ड्रम्सखाली वर आणा आणि मग जरा मागे घ्या. ब्लास्टमध्ये स्नेअर गिटारमागे दिसेनाशी होत असेल तर आवाज वाढवण्याआधी गिटारच्या मध्यभागात २ किलोहर्ट्झजवळ थोडी जागा करा.

आता रीव्हर्ब, आणि कागदावरचे तीन रकाने पुन्हा समोर. दोन बस पुरतात: एक आखूड, ०.७ सेकंदांच्या आसपास, आणि एक लांब, ३ ते ५ सेकंदांचा. जवळच्या वस्तूला ३० ते ४० मिलिसेकंद प्रीडिले (रीव्हर्ब सुरू होण्याआधीचा विलंब) द्या, म्हणजे आधी वस्तू ऐकू येते आणि मग तिची जागा. लांबच्या वस्तूला प्रीडिले शून्य, कारण लांबून येणारा आवाज आणि त्याचा पडसाद जवळपास एकत्रच पोचतात. लांबच्या वस्तूची वरची पट्टीही उतरवा. हवेतून येताना तीच आधी झिजते. रीव्हर्बच्या आधी ६०० हर्ट्झवर हाय-पास आणि १० किलोहर्ट्झवर लो-पास लावण्याची ॲबी रोड स्टुडिओची जुनी युक्ती इथे फार उपयोगी पडते. मेटलमध्ये मी लो-पास ६ किलोहर्ट्झपर्यंत खाली आणतो. लांब रीव्हर्बवर साइडचेन कॉम्प्रेसर लावून स्नेअरने तो दाबला जाईल असं करा. प्रत्येक ठोक्याला धुकं जरा विरळ होतं आणि लगेच भरून येतं.

एका भागातून दुसऱ्यात जाताना रीव्हर्बचे सेंड (ट्रॅकमधून रीव्हर्बकडे जाणारी मात्रा) ऑटोमेशनने बदला. वेगवान भागाआधीच्या शेवटच्या मात्रेला लांब रीव्हर्ब वाढवा आणि पहिल्या ठोक्यावर एकदम खाली आणा. संथ भाग एक-दोन डेसिबल खालीच राहू दे.

मास्टर करताना एक लक्षात ठेवा: स्पॉटिफाय आणि यूट्यूब आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसकडे (सरासरी मोठेपणाचं माप) आणतात, त्यामुळे शेवटच्या डेसिबलसाठी लिमिटरवर (शिखरं अडवणारं साधन) झटापट करण्यात अर्थ नाही. मी उणे ११ च्या आसपास थांबतो आणि ट्रू पीक उणे १ डेसिबलवर ठेवतो. ब्लास्ट बीटमध्ये स्नेअरचं टोक बसलेलं ऐकू आलं तर लिमिटर जास्त झालाय. दुसऱ्या दिवशी सकाळी, कान ताजे असताना, फोनच्या स्पीकरवर आणि गाडीत ऐका, मग बदल करा.

काम संपलं की डीआय, कोरडे ट्रॅक आणि फुग्याच्या मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. फाइलच्या नावात बीपीएम, ट्युनिंग आणि जागा लिहा. दोन ड्राइव्हवर प्रती ठेवा: एक माइकच्या त्याच सिलिका जेलच्या डब्यात, दुसरी दुसऱ्या घरात.